धोंडाबाईसकट चौघं

४ जानेवारी, रविवार

ही वही नैनाने नाताळात दिली. वर चिठ्ठी होती : "आई, राइट इट डाउन इन्स्टेड ऑफ टेलिंग मी." म्हणजे यापुढे टोमणे इथे मारायचे, तिला नाही. सव्वीस वर्षांची पोरगी आईला गप्प बसवायला वही देते! असो. वही उलट बोलत नाही, एवढा तरी फायदा.

आज पहिल्यांदा बर्फात चालले. अमेरिकेतल्या या वाळवंटात, चँडलरमध्ये, चोवीस वर्षं काढली, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या फॅक्टरीत तपासणीवर बसून मोजून मोजून डोळे गेले, पण अडीच तासांवर एवढा बर्फ पडतो तो कधी जाऊन पाहिला नाही. नवऱ्याला, श्रीरंगला, थंडी सोसायची नाही, आणि तो गेल्यावर सहा वर्षं मी एकटी कुठे जाणार होते? या वेळी शेजारच्या राजेशने सोडलं नाही. "ताई, डॉक्टरने चालायला सांगितलंय ना? मग ट्रेडमिलवर काय चालता यार, फ्लॅगस्टाफला चला. स्वानंदी पण येतेय." हे दोघं नवराबायको नागपूरचे, चाळिशीतले, आयटीतले. दोघांच्या बोलण्यात मला शिरायला फट मिळत नाही.

सकाळी सहाला गाडीत बसताना लक्षात आलं की आम्ही तिघंच आहोत. आमच्या घरी तिघांनी मिळून कुठे निघायचं नाही. निघावंच लागलं तर अंगणातला एक दगड उचलायचा, त्याला "तू चौथा" म्हणायचं आणि बरोबर न्यायचं. परत आल्यावर "आलास?" विचारून होता तिथे ठेवायचा. आई म्हणायची, त्याला वाटेत टाकायचं नाही, आपल्यात मोजलेल्या माणसाला आपण वाटेत टाकतो का? इथे अंगण म्हणजे गवताऐवजी पसरलेली खडी. पत्रपेटीच्या बुडाशी एक तांबूस, अंड्याएवढा, गुळगुळीत दगड दिसला तो खिशात टाकला.

स्वानंदी हसली नाही. तिच्या आजोळीही असंच करत. राजेश मात्र सुटलाच. "वेलकम, धोंडाबाई! पुढे बसता की मागे?"

चढाच्या तोंडाशी लाकडी पेटीत एक रजिस्टर असतं. नाव, किती जणं, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. कुणी परत आलं नाही तर रेंजर त्यावरून शोध घेतात. राजेशने 'किती जणं'खाली चार लिहिलं.

मी म्हटलं, "अरे, सरकारी वही आहे ती."

"मग काय झालं? चार गेलो, चार येऊ. टॅली झालं की बस."

बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांना जाळीच्या फळ्या बांधतात, त्यांना स्नोशू म्हणतात. सुरुवातीला मी बदकासारखी चालत होते. माणसं मोजायचं काम माझ्याकडे दिलं, दर वळणावर. घरी आल्यावर धोंडाबाईला "आलीस?" विचारलं आणि पत्रपेटीपाशी ठेवलं. गुडघे दुखतायत, पण मजा आली हे खोटं नाही.

११ जानेवारी, रविवार

आज गेलो नाही. नैना जेवायला आली होती. दुसरी पुरणपोळी संपता संपता म्हणाली, "मॉम, आय गॉट द जॉब." मोंटानात. डोंगरावर किती बर्फ साठला, त्यातून उन्हाळ्यात नद्यांना किती पाणी येईल, हे मोजायचं काम. एक मार्चला जाणार. इथलं अपार्टमेंट सोडतेय, शेवटचे तीन आठवडे माझ्याकडे राहील.

मी म्हटलं, "बर्फ मोजायला एवढं शिकवलं तुला?"

"आई, इट्स लाइक अ टू-आवर फ्लाइट."

"बरं. म्हणजे मी मेले की दोन तासांत पोचशील."

ती ताट घेऊन उठली आणि भांडी घासत बसली. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण माफी मागायची मला सवय नाही. तिला जाऊ द्यायचं नाहीये मला. या घरात माझ्याशिवाय एक तरी आवाज हवा, एवढंच माझं मागणं आहे. ते तिला सांगितलं तर ती राहील, पण मनाविरुद्ध राहील, म्हणून सांगत नाही आणि टोमणे मारते. छान चाललंय.

१८ जानेवारी, रविवार

पुन्हा गेलो. धोंडाबाई खिशात. रजिस्टरमध्ये पुन्हा चार. राजेशला आता चेव आलाय, त्याने नावही लिहिलं.

गंमत म्हणजे उणे आठ तापमानात तो दगड गरम होता. हातमोजा काढून मूठ मिटली तर चांगली ऊब. मी म्हटलं, माझ्याच अंगाची असणार. उतरताना स्वानंदी एकदम थांबली आणि म्हणाली, "ताई, मागे बघा."

आमच्या तिघांच्या फळ्यांचे तीन पट्टे वर गेलेले दिसत होते. त्यांच्या उजवीकडे चौथी एक रांग होती. पावलं नव्हती, नुसते गोल, खोल खळगे, सारख्या अंतरावर. आम्ही जिथे थांबून चहा प्यायलो तिथे तीही थांबली होती.

राजेश म्हणाला, "पाइनच्या फांद्यांवरून बर्फाचे गोळे पडतात, त्याचे असतील." मलाही ते पटलं. स्वानंदी गाडीत नेहमीसारखी बोलली नाही. तिला थंडी बाधली असावी.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी दार उघडलं तर धोंडाबाई पायपुसण्यावर. बागकामवाले ते वारा सोडणारं यंत्र घेऊन येतात, त्यानेच उडाली असेल. पत्रपेटी तिथून तीस पावलांवर आहे म्हणा. परत जागेवर ठेवली.

१ फेब्रुवारी, रविवार

तिसरी फेरी. दमले नाही! खाली पार्किंगजवळ स्कीवाला एक म्हातारा अमेरिकन आमच्याजवळ थांबला. चांगला सभ्य माणूस. म्हणाला, तुमच्या मैत्रिणीसाठी थांबा जरा, बरीच मागे राहिलीय, आणि तिच्या अंगात जॅकेट नाही.

राजेशने सांगितलं, आम्ही तिघंच आहोत. तो आमच्याकडे बघत राहिला. मग मागे वर झाडांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि निघून गेला. म्हातारपणी डोळ्यांना बर्फाचा त्रास होतो म्हणतात.

बाहेरची वेळ राजेशने लिहिली, 'चार परत'. त्याचा हात मात्र आज थट्टेचा नव्हता. गाडीत स्वानंदी म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी चौथं माणूस खरंच आणू या. प्लीज." मी म्हटलं, नैनाला विचारते.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल नैना आली होती आमच्याबरोबर. सगळं नीट लिहून काढते, कारण मनाला कसलीतरी टोचणी लागलीय.

नैनाला बर्फात बघणं म्हणजे वेगळंच. जांभळं जॅकेट, भाड्याचे स्नोशू, आणि माझ्या दुप्पट वेग. पुढे जायची, परत यायची, काठी खुपसून मला दाखवायची, हा थर डिसेंबरचा, हा परवाचा. घरात तोंड उघडत नाही ती मुलगी तासभर बोलत होती. राजेशने रजिस्टरमध्ये चार लिहिलं आणि म्हणाला, "आज फर्स्ट टाइम खरं लिहिलं यार."

वर खिंडीत खायला बसलो. रुमाल काढताना माझ्या खिशातून धोंडाबाई बाहेर पडली. सवयीने निघताना उचलली होती, आणि "तू चौथी" हेही सवयीने म्हटलं होतं. नैना हसायला लागली. "आई, यू आर कॅरिंग अ रॉक अप अ माउंटन?"

स्वानंदीने तिला सगळं समजावून सांगितलं. नैना म्हणाली, "ऑ, दॅट्स स्वीट. सो जेव्हा मी मोंटानाला जाईन, यू विल हॅव धोंडाबाई."

तिने प्रेमानेच म्हटलं असेल. माझं मात्र डोकं फिरलं. मी म्हटलं, "मला दगडांची गरज नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जावं." आणि धोंडाबाई उचलून दरीच्या बाजूला भिरकावली. स्वानंदीच्या तोंडून "ताई!" निघालं. दगड बर्फात कुठे गेला तेही दिसलं नाही.

दहा मिनिटांत आभाळ खाली आलं आणि बर्फ पडायला लागला. काठीचं टोक दिसेना. राजेश पुढे, मग स्वानंदी, मग मी, शेवटी नैना, असे उतरत होतो. मागून नैनाची हाक आली, "आई, वन मिनिट! स्ट्रॅप तुटलाय!"

मी ऐकलं. हे फक्त या वहीत लिहिते. मी ऐकलं आणि थांबले नाही. रागात होते. म्हटलं येईल, तिला तर बर्फाचं सगळं कळतं.

पुढच्या वळणावर मात्र थांबून मोजलं. राजेश एक, स्वानंदी दोन, मी तीन. मागे पांढऱ्यात टोपी ओढलेली आकृती उभी होती. चार. मी हाक मारली, "आलीस?"

"आले," मागून उत्तर आलं.

त्यानंतर प्रत्येक वळणावर मोजलं, प्रत्येक वेळी चार. खाली पोचल्यावर रजिस्टरमध्ये मीच लिहिलं, चार परत, तीन वाजून दहा मिनिटं. नैना गाडीत टोपीही न काढता बसली आणि घरापर्यंत हूं की चूं नाही. फोन बर्फात पडला म्हणाली. रागावली असणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू! आज सकाळी नैना म्हणाली, "आई, मी कुठे जात नाही. मी इथेच राहते."

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. मोंटानाचं काय? नको म्हणाली. माझ्याच फोनवरून त्यांना कळवलं. आणि हे सगळं मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता. एवढी वर्षं ओरडून जे जमलं नाही ते बर्फातल्या एका दिवसाने झालं. देवाकडे हेच मागितलं होतं. गोडाचा शिरा केला. तिने घास घेतला, तोंडात धरून बसली, बाकी शिरा तसाच. पोट बिघडलं असेल.

दिवसभर बाहेर खडीवर बसते, पत्रपेटीपाशी, अनवाणी. ऊन हवं असतं म्हणाली. चार महिन्यांनी याच खडीवर पापड भाजतील, तोवर बसू दे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

स्नोशू भाड्याने देणाऱ्या दुकानातून फोन होता. नैनाचा जोड परत आलेला नाही. आम्ही तर सगळं गाडीत टाकून आणलं होतं. नैनाला विचारलं तर म्हणाली, "वरच राहिला." कंबरभर बर्फातून त्या फळ्यांशिवाय ती खाली कशी आली? तरुण आहे, आली असेल.

स्वानंदी तेव्हापासून घरी आली नाही. आज मीच गेले. ती दारातच बोलली.

"ताई, त्या दिवशी गाडीत नैना माझ्या शेजारी होती ना. सीट केवढी दबली होती! राजेशला टायर चेक करावे लागले."

"जाड झालीय म्हणतेस का माझी मुलगी?"

"नाही ताई." तिचे डोळे भरले होते. "तुम्ही तिला एकदा नीट बघा ना. हनुवटीवरची ती खूण बघा."

लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. स्वानंदीकडून ही अपेक्षा नव्हती.

खूण पाहिली. पाचव्या वर्षी सायकलवरून पडली तेव्हा तीन टाके पडले होते. आता तिथे गुळगुळीत आहे. हल्ली क्रीम फार चांगली मिळतात.

१ मार्च, रविवार

आज ती जाणार होती. गेली नाही. दुपारचं विमान असतं तर या वेळी पोचलीही असती. मी मुद्दाम घड्याळाकडे बघत होते आणि मला भरून येत होतं.

फार शांत झालीय. मी बोलते, ती ऐकते. उलट उत्तर नाही, दार आपटणं नाही. कधी कधी मीच वाकडं काहीतरी बोलून बघते. ती नुसती बघते माझ्याकडे. मला तिचं ते "ओ माय गॉड, आई!" आठवतं. आठवण कशाची काढतेय मी, ती समोरच तर बसलीय.

दिवसभर उन्हात तिचं अंग तापतं, दिवेलागणीला गार होतं. आज केसांना तेल लावायला बसवलं. मान हाताला लागली आणि मी हात मागे घेतला. का घेतला ते मला सांगता येणार नाही.

८ मार्च, रविवार

नऊ वाजता चहा ठेवला होता. फोन वाजला, मग पुन्हा, मग पुन्हा. मेसेज होते, नैनाच्या नंबरवरून. सगळ्यांवर आठ फेब्रुवारीची तारीख. जसे आले तसे लिहिते.

१.५२. आई, वेट. स्ट्रॅप पूर्ण गेलाय.

१.५५. बर्फ जरा थांबला. मला तुम्ही दिसताय. स्टॉप! मी ओरडतेय.

१.५६. तुमच्यात चौथं कोण आहे?

१.५८. आई, हू इज दॅट??

२.३१. सिग्नल नाही. जात नाहीये काहीच. पाय वाकडा पडला, चालता येत नाही.

३.१५. मोठ्या पाइनखाली बसलेय. इट्स ओके. तू मोजशील आणि येशील. यू ऑल्वेज काउंट.

त्यानंतर एकही नाही.

चहा उतू गेला. तेवढ्यात एका रेंजरबाईंचा फोन आला. काल एका स्कीवाल्याला झाडाखाली फोन आणि तुटक्या पट्ट्याचे स्नोशू मिळाले, त्यांनी फोन चार्ज केला, त्यात आई म्हणून हा नंबर होता. बाईंचा आवाज मोकळा होता. "आम्ही जुनं रजिस्टर पाहिलं. तुमचे चार आत, चार बाहेर. म्हणजे फक्त वस्तूच हरवल्या ना, मॅम?"

चार बाहेर हे मी लिहिलं होतं. माझं अक्षर. म्हणून कुणी शोधलंच नाही.

मी म्हटलं, "नाही. माझी मुलगी वर आहे." त्या बाईंचा आवाज बदलला. माणसं पाठवतो म्हणाल्या, तुम्ही घरीच थांबा म्हणाल्या.

मी बाहेर गेले. ती पत्रपेटीपाशी बसली होती, अनवाणी, तोंड उन्हाकडे करून. मी विचारलं, "नैना कुठे आहे?"

"तू मला चौथी म्हणालीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मग वाटेत टाकलंस. मला घरी यायचं होतं. तू मोजलंस, मी आले."

किती सोपं होतं तिला तशीच बसू देणं. रेंजरना सांगायचं, चूक झाली, मुलगी इथेच आहे. रोज केसांना तेल लावायचं, शिरा करायचा. घरात एक आवाज राहिला असता. खोटं कशाला लिहू, मी तो विचार केला. पाण्याचा नळ सुरू करून बंद करण्याएवढा वेळ केला.

मग तिच्यासमोर वाकले आणि त्या दिवशी घरी पोचल्यावर जे विचारायचं राहिलं ते विचारलं. "आलीस?"

"आले."

"मग बस तुझ्या जागेवर."

डोळे पुसून पाहिलं तेव्हा खडीत तांबूस दगड होता. उचलून पाहिला, तापलेला होता. होता तिथेच ठेवला. घरात आले तर खुंटीवर जांभळं जॅकेट नव्हतं आणि तिच्या पलंगाच्या मधोमध खोलगट झालं होतं.

राजेशला फोन केला. तो आणि स्वानंदी येतो म्हणाले. मी नको म्हटलं. तिघांनी जायचं नाही, आणि दगड मी आता पुन्हा उचलणार नाही.

श्रीरंगची जाड शाल घेतलीय, थर्मासमध्ये चहा, पायमोज्यांचे दोन जोड. तिचे पाय लगेच गार पडतात. ही वहीही घेतेय. तिने म्हटलं होतं, मला सांगू नकोस, लिही. आता सगळं तिला वाचून दाखवीन, माफीसकट.

रजिस्टरमध्ये जाताना एक लिहीन. येताना दोन.